वाड्याचे बारा खांब

गेल्या महिन्यात आमच्या नव्या घराचा फोटो टाकला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "अहो, हे नवं घर आहे की जुनं?" काहींनी विचारलं, हे खांब खरे आहेत की आजकाल मिळतात तसे बनवून घेतलेले? दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, पण ते होईना. कारण या घराच्या गोष्टीत आमचा वाडा आहे आणि होळकरांचे तीन वाडेही आहेत. शिवाय माझी एक चूक आहे, जी मी अजून घरात कुणाला नीट सांगितलेली नाही. तेव्हा सविस्तरच लिहितो.

आमचा वाडा इंदूरला मल्हारगंजाच्या मागच्या गल्लीत होता. रुंदी जेमतेम बत्तीस फूट, लांबी मात्र नव्वद. पुढे काळ्या दगडाचा ओटा, मग दिंडी दरवाजा, पडवी, चौक, माजघर, देवघर आणि अगदी मागे परसू न् विहीर. पणजोबांचे वडील होळकरांच्या दफ्तरात कारकून होते, एवढंच आम्हाला ठाऊक. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, आणि तिच्यामागून कारकून, भिक्षुक, वैद्य, शिलेदार अशी कितीतरी मराठी घरं इथे येऊन वसली. येताना त्यांनी घराचा नकाशा डोक्यात आणला. पुण्याकडचा चौक, तसाच ओटा, तशीच देवळी. दगड, माती आणि सागवान मात्र इथलं, माळव्याचं.

चौकाला बारा खांब होते. चारही कोपऱ्यांना एकेक आणि प्रत्येक बाजूला मध्ये दोन. खाली दगडी तळखडा, त्यावर सात फुटी सागवानी खांब, वर कोरलेले हस्त आणि त्यांच्यावर तुळया. तुळयांवर कडीपाट, आणि कडीपाटावर मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर डोकं फुटेल असं ऊन असायचं, आणि माजघरात दुपारी गोधडी पांघरून झोपावंसं वाटायचं. 'शब-ए-मालवा' म्हणून माळव्याच्या रात्रीची वाखाणणी करतात ना, ती थंड हवा संध्याकाळी चौकात उतरायची. आजी म्हणायची, "आली बघ वाऱ्याची पाळी."

आता राजवाड्याचं. इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण बडोदा-ग्वाल्हेरच्या मंडळींसाठी सांगतो. आमचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं तेव्हा तो जाळला गेला. राजधानी इथे आल्यावर तात्या जोगांच्या कारभारात पुन्हा उभा राहिला. आणि १९८४ च्या नोव्हेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीत, तो पुन्हा पेटला.

तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. गावात कर्फ्यू होता. आम्ही पोरं गुपचूप गच्चीवर गेलो आणि छपरांच्या पलीकडे धूर पाहिला. खाली आलो तर आजोबा चौकात खांबाला टेकून बसलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "पुढा उभा आहे का?" दुसऱ्यातिसऱ्या दिवशी कळलं की पुढचा सात मजली दरवाजा उभा आहे, मागचा भाग गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही राजवाड्यासमोरून जायचो तेव्हा समोरून सगळं जागच्या जागी दिसायचं. तोच दरवाजा, तेच झरोके. आत पाऊल टाकलं की वर आभाळ. मागच्या भागाची पुनर्बांधणी व्हायला पुष्कळ वर्षं जावी लागली. ते दृश्य माझ्या मनात राहिलं, पण त्याचा अर्थ लागायला माझं स्वतःचं घर बांधायची वेळ यावी लागली.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या वाड्याची परसाकडची भिंत बसली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण इंजिनिअरनं पाहून सांगितलं, खालची काळी माती दर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दीडशे वर्षं तिनं पाया हलवत ठेवलाय, आता डागडुजी पुरायची नाही. दादा पुण्याला असतो. तो म्हणाला, "तू तिथे राहतोस, तू ठरव. आईची सोय झाली पाहिजे, बाकी माझं काही नाही." आई तेव्हा ऐंशी पार. गुडघे गेलेले. बाथरूम परसात, आणि वाटेत तीन उंबरे.

माझ्या डोक्यात घर तयार होतं. मला लालबाग पाहिजे होती! हसू नका. लालबाग पॅलेस लहानपणापासून बाहेरून बघत आलो होतो, नंतर म्युझियम म्हणून आतून पाहिला. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १८८६ च्या सुमारास त्याचं काम निघालं आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १९२१ ला पुरं झालं. लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवर ओतलेलं लोखंडी फाटक, आत संगमरवरी खांब, छतावर ग्रीक देवदेवता, झुंबरं. आपल्या इंदुरात आजकाल नव्या कॉलन्यांतून जे 'क्लासिकल एलिवेशन' म्हणून चालतं, ते सगळं मला तरी त्या लालबागेचंच नातवंड वाटतं. मी एका बिल्डरकडून चित्रही काढून घेतलं होतं. पुढे दोन मजली उंच चार कोरिंथियन खांब, वर त्रिकोणी माथा, बाल्कनीला बाटल्यांसारखे कठडे. आत मात्र सगळं आधुनिक : मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, लपवलेले दिवे. बाहेरून जुनं, आतून नवं. मला वाटलं, झालं, यालाच म्हणतात मेळ.

बायकोच्या मैत्रिणीची मुलगी आर्किटेक्ट आहे. तिनं चित्र बघितलं आणि विचारलं, "काका, हे खांब काय उचलतात?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे यांच्या डोक्यावर वजन कसलं आहे? आत आरसीसीची चौकट आहे, सगळं वजन तिच्यावर. हे बाहेर चिकटवलेले पोकळ साचे आहेत. आणि तुमच्या वाड्याचे बारा सागवानी खांब, जे खरंच घर उचलून आहेत, ते तुम्ही कुठे टाकणार?"

मला राग आला. आजकालच्या पोरी, म्हटलं. पण तिनं वाद घातला नाही. ती म्हणाली, "लालबाग छानच आहे. पण तिथेही रोम-ग्रीसचं रूप राहणाऱ्यांच्या मोठेपणासाठी आणलेलं होतं. त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीनं काय केलं ते माहितीये ना? माणिकबाग?"

माणिकबाग म्हणजे माझ्या लेखी कस्टम-एक्साइजची कचेरी. आपल्या इंदूरच्या निम्म्या लोकांच्या लेखी तेच. तिनं मला जुने फोटो दाखवले आणि मी गप्प झालो.

१९२६ मध्ये तिसरे तुकोजीराव गादीवरून उतरले आणि यशवंतराव दुसरे महाराज झाले. ऑक्सफर्डला शिकत होते तेव्हा त्यांची एका तरुण जर्मन वास्तुकाराशी ओळख झाली, एकार्ट मुथेसियस. त्याचे वडील हेरमान मुथेसियस यांनी इंग्लिश घरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिलेला. १९३० मध्ये माणिकबागेचं काम निघालं तेव्हा राजा बावीस वर्षांचा आणि वास्तुकार सव्वीस! १९३३ पर्यंत घर उभं राहिलं. बाहेरून पाहाल तर ना घुमट, ना कमानी, ना ग्रीक देव. साध्या सरळ भिंती आणि पावसापाण्याचा विचार करून पुढे काढलेलं उतरतं छप्पर. आणि आत त्या काळच्या युरोपात जे सगळ्यात नवं होतं ते. रूल्मानचं लिहायचं टेबल, आयलीन ग्रेची आरामखुर्ची, ल कॉर्बुझिएची लांब खुर्ची, सोन्यो आणि आलिक्स यांनी केलेले धातू-काचेचे पलंग, दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे. वातानुकूलन सुद्धा, १९३३ ला, इंदुरात! शिल्पकार ब्रांकुसीचे संगमरवरी आणि ब्राँझचे पक्षी महाराजांनी विकत घेतले. त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचं म्हणून १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुसी इंदूरला येऊनही गेला. महाराणी संयोगिताराजे १९३७ मध्येच वारल्या होत्या. ते मंदिर कधी बांधलं गेलं नाही.

"मग आपण माणिकबाग करू या," मी म्हणालो. माणूस कसा असतो बघा, एक नक्कल सोडली की दुसरी धरतो.

ती हसली. म्हणाली, "काका, १९८० मध्ये माँटे कार्लोला त्या सगळ्या सामानाचा लिलाव झाला. आज ते जगभर संग्रहालयांत न् श्रीमंतांच्या घरांत विखुरलंय. घर इथेच आहे, आतलं सगळं गेलं."

मग तिनं एका कागदावर तीन चौकोन काढले. राजवाड्याचा पुढा राहिला आणि मागचं गेलं. माणिकबागेचं घर राहिलं आणि आतलं सामान गेलं. लालबागेत बाहेरचं न् आतलं दोन्ही आहे, पण राहणारं कुणी नाही. "आता तुम्ही सांगा," ती म्हणाली, "तुमच्या वाड्यातलं काय राहिलं पाहिजे?"

मला आजोबांचा प्रश्न आठवला. पुढा उभा आहे का? मी बिल्डरला पैसे देऊन नुसता पुढाच विकत घ्यायला निघालो होतो.

यानंतरचा भाग लिहायला जड जातो. पाडकाम सुरू झालं. सुतारानं खांबांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले, एक ते बारा. दोन खांब पायाशी वाळवीनं पोकळ निघाले. ठोकून पाहिलं तर ढब् ढब् आवाज. दोन पाडकामवाल्यांनी घाईत मधोमध कापले. राहिले आठ. कडीपाटाच्या फळ्या आणि तुळया मी एका लाकूडवाल्याला विकल्या. आईला विचारलं नाही. तिला आम्ही तेव्हा सुदामानगरला बहिणीकडे ठेवलं होतं, म्हटलं कशाला त्रास द्यायचा. चांगले पैसे आले, पायाच्या खर्चाला हातभार लागला.

संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "पाळण्याच्या कड्या काढून घेतल्यास ना रे?"

माजघराच्या तुळईला दोन लोखंडी कड्या होत्या. आमच्या घरातलं प्रत्येक बाळ त्या कड्यांना टांगलेल्या पाळण्यात वाढलेलं. आजोबा, बाबा, आत्या, दादा, मी, माझी मुलगी. बारशाच्या दिवशी आधी कड्यांना हळदकुंकू लागायचं, मग बाळाला. आणि मी ती तुळई कड्यांसकट देऊन मोकळा झालो होतो.

मी म्हणालो, "हो, काढल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लाकूडवाल्याकडे पळालो. तुळई करवतीवर चढून तिच्या फळ्या झालेल्या. कड्या भंगारात गेलेल्या. दोन तास भंगार उपसलं, मिळाल्या नाहीत.

असो. घर कसं झालं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना आपापल्या जुन्या घराचं काय करायचं हा प्रश्न पडलाय.

पहिलं म्हणजे पाया. काळ्या मातीत वरवरचा पाया चालत नाही. आम्ही खाली रुंद बुंध्याचे पाइल घेतले. अशा मातीसाठी रुडकीच्या संशोधन संस्थेनं ही पद्धत विकसित केलेली आहे. फुगणाऱ्या थराच्या खाली जाऊन घराला पाय रोवता येतात. इथे पैसे वाचवू नका. पुढच्या दोन पिढ्या शिव्या देतील.

दुसरं, आठ खांबांचं गणित. बारा खांबांचा चौक पंधरा फुटी होता. आठ खांब म्हणजे चार कोपऱ्यांना आणि चार बाजूंच्या मध्यावर. तसा बारा फुटी चौक बसला. लहान झाला, पण चौक राहिला. मुलगी म्हणाली, चौक म्हणजे जागा वाया. मी म्हटलं, बाई, घराला नाक लागतं.

तिसरं, उंची. जुने खांब सात फुटी. आजच्या खोलीला पंखा लावायचा तर साडेदहा फूट तरी हवेत. खांबांना जोड लावा, असं मिस्त्रीचं म्हणणं. आर्किटेक्ट पोरीनं ऐकलं नाही. तिनं चौकाभोवतीची पडवीच खाली ठेवली, तळखडा न् तुळई धरून सव्वाआठ फूट, वर मंगलोरी कौलं. मागच्या खोल्या मात्र पूर्ण उंचीच्या. पडवीचं छप्पर आणि खोलीचं छत यांत जो फरक उरला, तिथे दीड-दीड फुटाच्या खिडक्या बसल्या. आज सकाळी आठ वाजता तिथून ऊन थेट आईच्या खोलीत येतं. खांब आखूड होते म्हणून हा उजेड मिळाला. आणि हो, हे खांब पडवीचं छप्पर खरंच उचलतात. शोभेचे नाहीत.

चौथं, चौकाच्या वरची काच. पाऊस आत नको म्हणून काच टाकली, पण नुसती काच टाकली तर माळव्याच्या उन्हात घराची भट्टी होईल. म्हणून ती छपरापासून दीड फूट उचलली, बाजू जाळी लावून मोकळ्या ठेवल्या. गरम हवा तिथून निघून जाते. उन्हाळ्यात खाली कापडी पडदा ओढतो. संध्याकाळी वाऱ्याची पाळी अजून येते. पूर्वीइतकी नाही, पण येते.

बाकी आत सगळं नवंच आहे. स्वयंपाकघरात ओटा उभ्यानं काम करायचा, आणि एक टोक खाली घेतलेलं, आईला खुर्चीत बसून भाजी निवडता यावी म्हणून. उंबरे नाहीत, फक्त बाहेरच्या दाराचा जुना उंबरा ठेवलाय आणि बाजूनं उतार केलाय. बाथरूम खोलीला लागून, धरायला दांड्या. एक छोटी लिफ्ट. देवघरात जुनीच देवळी, दगडांवर आकडे घालून काढली न् तशीच रचली. बाहेरून घर अगदी साधं आहे. वीट, काळ्या दगडाचा ओटा, गणेशपट्टीची जुनी चौकट. येणारे-जाणारे थोडे नाराजच होतात. "एवढा खर्च केला, एलिवेशन काहीच नाही?"

१९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकारानं होळकर दरबारासाठी इंदूरवर दोन खंडांचा अहवाल लिहिला. त्या प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीला गावात मिरवणूक काढली होती, तिच्यात घाणीचा राक्षस न् प्लेगचा उंदीर होता, आणि ज्या रस्त्यांनी सगळ्यात चांगली साफसफाई केली त्या रस्त्यांवरून ती निघाली. त्यांचं सांगणं असं, की जुनी वस्ती सरसकट पाडू नका. नेमकं सडलेलं तेवढं काढा, हवा-उजेडाला वाट करा, बाकीचं जगू द्या. मला हे आधी ठाऊक असतं तर कदाचित त्या तुळया विकल्या नसत्या. सडलेलं कोणतं आणि नुसतं जुनं कोणतं, हे मी ठोकून बघितलंच नाही. खांब ठोकून पाहिले, तुळई नाही.

२०२२ च्या अक्षय्य तृतीयेला आईला घरी आणलं. त्याआधी मी लोहाराकडून दोन कड्या करवून घेतल्या होत्या. तेल लावून, घासून, जरा जुन्या दिसतील अशा. पडवीच्या तुळईला लावल्या. आई हळूहळू चौकात आली. एकेका खांबाला हात लावला. सातव्या खांबावर दादानं लहानपणी कोरलेलं नाव आहे, तिथे थांबली. मग वर पाहिलं. खुर्ची मागितली, आधार घेऊन उभी राहिली आणि कडीवरून बोट फिरवलं.

"या आपल्या नव्हेत," ती म्हणाली. "आपल्या कडीला आतून खाच होती, दोर घासून पडलेली."

मी काहीच बोललो नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "पडेल खाच."

दादाला वाटतं त्या जुन्याच कड्या आहेत. हे वाचून त्याला कळेल. दादा, तुला फोन करतो रात्री.

माझ्या मुलीला सप्टेंबरात बाळ होईल. पाळणा जुनाच आहे, माळ्यावर होता म्हणून वाचला.

आणि मंडळी, तुमचा वाडा पाडायला काढला असेल तर एवढंच करा. लाकडाचा सौदा करण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा आत घेऊन जा, आणि ते कुठे कुठे हात लावतात ते बघून ठेवा.